मागून येणारी दालचिनी

खास थंडीसाठी बनवलेल्या बिअरच्या चार बाटल्या मी मुंबईहून डोळखांबला आणल्या. एकीत दालचिनी, एकीत कॉफी, एकीत संत्र्याची साल आणि एकीत मध. चवींची तुलना करायची म्हणून दुपारी त्या पोत्यात घालून धर्माकाकांच्या विहिरीत गार करायला सोडल्या आणि संध्याकाळी हरेश-बाळ्याला शेकोटीला बोलावलं.

हरेशने पोतं ओढून वर काढलं. बाटल्यांवरचे कागद पाण्याने पार निघून गेले होते.

"आता कोणती कुठली, कसं कळायचं रे?" बाळ्याने विचारलं.

"माझी जीभ कशाला आहे?" मी म्हणालो आणि एकेक घोट तोंडात घोळवून चारही ओळखल्या. मधाची सगळ्यात सरस ठरवली.

"मला तर सगळ्या सारख्याच लागतात," बाळ्या म्हणाला.

"तुला चव नाय रे. दालचिनी मागून येते, ती पकडायला अभ्यास लागतो."

"आणि झाकणं कशी गंजली?" हरेशने विचारलं.

"मुरवलेला माल असाच असतो," मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात पाणी शेंदायला गेलेले धर्माकाका परत आले. त्यांच्या हातात एक ओलं पोतं होतं आणि त्यातून चार बाटल्या डोकावत होत्या, रंगीत कागदांसकट. आमच्या ग्लासांकडे बघून काका खूश झाले.

"काय रे, गटारीला विहिरीत हरवलेलं तुमचं बिअरचं पोतं गावलं वाटतं!"