एक जूनची चौदा माणसं

विमानतळाच्या सुरक्षा कार्यालयाचं पत्र २००३ च्या श्रावणात आलं होतं. दसरा उलटला तरी कुंडलिक गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. धावपट्टीलगतचं गवत कापणाऱ्या चौदा मजुरांच्या शाळेच्या दाखल्यांवर एकच जन्मतारीख, एक जून, कशी? दाखल्यांवर सही आपली आहे. प्रत्येक नावापुढे खरी माहिती लिहून पाठवावी. तोवर सगळ्यांचे पास बंद.

उत्तर तसं सोपं होतं. वाडीत जन्माची नोंद कोण ठेवणार? जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावत. बोटं डाव्या कानाला टेकली की सहा वर्षं पुरी. तारीख एक जून.

तरी त्यांनी चार कागद लिहून फाडले.

चौदांतला मंगळ्या सकाळी येऊन ओटीवर बसला.

"गुरुजी, लिवलं का नाय?"

"लिहितो रे. शब्द जुळत नाहीत."

"आमच्या टायमाला छडी बरी लगेच जुळायची!"

गुरुजी कसंनुसं हसले. "गवत तरी किती असतं तिथं?"

"हितून पार टोकावड्यापरत धरा. आमी त्या टोकाला पोचतो तवर ह्या टोकाला गुडघाभर. दर दोन मिनटाला इमान. गवत वाढलं का किडं, किड्यांमागं पाखरं. येक पाखरू इंजिनात गेलं का तीनशे माणसं..." त्यानं तळहात उताणा केला. "सोमवारपरत कागद नाय गेला तर दुसरी टोळी आणणार हायेत. आमचं काम गेलं."

गुरुजी फाडलेल्या कागदांचे कपटे गोळा करू लागले.

"सायब म्हनला, खरी तारीख ठावं असल तर सांग. कुनाला इचारू? बा तर बघितलाच नाय. आय चैतात गेली."

"जिवली... तुझी आई कधी काही बोलली नाही?"

"म्हनायची, इचार गुरुजींना. सगळ्यांच्या तारखा तेच लावतात."

गुरुजींनी चष्मा पुसला, कागद पुढे ओढला. तेरा नावांपुढे त्यांनी 'अंदाजे' असं लिहिलं. चौदाव्यापाशी हात बराच वेळ थांबला.

"द्या, मी टाकतो पेटीत," मंगळ्या म्हणाला.

"नको. मीच जातो."

उन्हातून चालत ते टोकावड्याच्या पोस्टापर्यंत गेले आणि पाकीट पेटीत सोडलं. आत मंगळ्याच्या नावापुढे लिहिलं होतं : '११ ऑगस्ट १९७२, पहाटे. हे अंदाजे नाही. मी त्याचा बाप आहे.'