कान देणाऱ्या कोंबड्या

हुमणीच्या अळ्यांनी मुळं कुरतडली आणि द्रौपदाबाईचा भुईमूग पिवळा पडत चालला, तेव्हा शेजारचे झिपरूनाना अमळनेरहून डब्यात ओला स्पंज घेऊन आले. त्यात डोळ्यांना न दिसणारे कृमी होते. ते मातीत उतरून हुमणीला आतून खाणार होते.

"माणूसले काही व्हत नही ना, नाना?"

"नही वं माय. तू काय हुमणी शेस?" नाना हसले.

ऊन उतरल्यावर तिनं स्पंज बादलीभर पाण्यात पिळला आणि अनवाणी फिरत ते पाणी सरीसरीत ओतलं. गार गाळ बोटांच्या फटींतून वर येत राहिला.

पीक हिरवं झालं. माती उकरली तर हुमणी मेलेली, विटेसारखी लाल. एरवी हुमणीसाठी एकमेकींवर तुटून पडणाऱ्या तिच्या कोंबड्या बांधावरच थबकल्या. माना वाकड्या करून मातीला कान दिला, आणि मागे सरल्या.

दुसऱ्या सकाळी अंगणात तिनं मूठभर ज्वारी फेकली. "या वं मायहो, या!"

एकही आली नाही.

शेवटी पिल्लू असल्यापासून तिच्या ओच्यात वाढलेली चांदी कोंबडी तेवढी आली. दाण्याला शिवली नाही. द्रौपदाबाईच्या पावलापाशी मान वाकडी करून ती बराच वेळ ऐकत राहिली.

मग हळूच, एकेक पाय उचलत, मागे सरली.