मागच्या मागे

लस भांडारातल्या परिचारिकेच्या पत्राला म्हाताऱ्या प्रोग्रामरने अजून उत्तर दिलं नव्हतं. जेवायला बसला तरी तेच आठवे. शीतपेटी बंद पडली, लसी वाया गेल्या. ‘मी पडद्याकडे बघितलंच नाही, असं म्हणून मला काढताहेत. इशारा आला होता की नाही, एवढंच सहीनिशी कळवा.’

इशारा आला नव्हता. त्याच्या प्रोग्राममधलं तापमानावर लक्ष ठेवणारं काम मागच्या मागे चालायचं, आणि तेच कोलमडलं होतं. समोर बसून दिलेली आज्ञा फसली, की ती चालवणारा इंटरप्रिटर आज्ञा देणाऱ्याला लगेच सांगतो. मागे चाललेल्या कामाला विचारणारंच कोणी नसतं. ते फसलं तर बोंब मारायची वेगळी सोय करावी लागते. ती त्याने केली होती. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून साहेबांनी बंद करायला लावली, आणि त्याने मान डोलावली होती.

डबा तसाच झाकून त्याने ती सोय पुन्हा चालू केली. ऑफिसभरच्या पडद्यांवर लाल ओळी उमटू लागल्या.

साहेब केबिनमधून धावत आले. “काका, हा काय शिमगा मांडलाय?”

“चुका आहेत, साहेब. होत्याच. आता दिसतात.”

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची! बंद करा आधी.”

“नाही करणार.”

आवाज बारीकच होता, पण आजूबाजूची टकटक थांबली.

“आणि त्या बाईला काय कळवणार?”

“झालं ते.”

“या वयात नोकरी नकोशी झालीय का?”

“तिला तिची हवीय ना.”

कोणीतरी फिस्कन हसलं. साहेब त्या दिशेने वळले, तोवर काकांनी चार ओळी छापूनही घेतल्या: ‘पडद्यावर काहीही आलं नव्हतं. आमच्या प्रोग्रामने स्वतःची चूक दडवली. तुमच्याकडून हयगय झालेली नाही.’ खाली पूर्ण नावाची सही केली. अक्षर मोठं काढलं.

पोस्टातल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारला. “पोचपावती हवी, आजोबा?”

“हवी.”

“कोणाच्या नावाने परत येऊ दे?”

त्याने साहेबांचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.