खरखरणारी निब
टोपण फिरल्याचा बारीक आवाज आला आणि दुपारची शांतता मोडली. बाबांनी आपलं आवडतं शाईपेन या आठवड्यात तिसऱ्यांदा माझ्यापुढे ठेवलं. “निब खरखरतेय गं. नीट घास जरा.” पेनं दुरुस्त करायचा हा नाद मला त्यांनीच लावलेला. मी भिंगातून पाहिलं, निबची दोन्ही टोकं सरळ होती. कागदावर ओढली तर लोण्यासारखी चालली. वहीतलं त्यांचं अक्षर मात्र थरथरत उतरलं होतं, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात. मी निब उगाचच पॉलिशपेपरवर फिरवली. “घ्या.” त्यांनी सही केली, ती ओळीखाली घसरली. “अजून तशीच. माझी शिकवणी वाया गेली म्हणायची.” “निबच हट्टी आहे, बाबा,” मी म्हणाले. तेवढ्यात लेकीने पेन उचलून पानभर गोल काढले. “आई, माझ्या हातात तर छान चालतंय. मग आजोबांच्याच हातात का बिघडतं?”