उजवी पाकळी

भैरोबानं याही खेपेला डावीच पाकळी खाली टाकली.

गुंडू गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी ओली करून लावली होती. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब, असा या देवळातला साधा कौल. क्रांतीनं हात जोडून विचारलं होतं, "मुरगूडला पोरींच्या होस्टेलात सैपाकाचं काम मिळतंय. ऱ्हायला खोली बी देत्यात. जाऊ का?" पाच मिनिटंही झाली नसतील, डावी पाकळी देवाच्या पायाशी आली.

"थांब म्हणतोय बग," धोंडुबाईंनी देवापुढं नाक घासलं. "माझा राजवीर येणार माघारी. सासूचं न्हाय तर न्हाय, देवाचं तरी ऐक."

राजवीर म्हणजे धोंडुबाईंचा लेक आणि क्रांतीचा नवरा. चार वर्षांपूर्वी त्यानं इचलकरंजीत दुसरीबरोबर संसार मांडला, आता तिथं पोरगंही झालं होतं. तो परत येत नाही हे अख्ख्या कसबा बावड्याला ठाऊक होतं. क्रांतीला कळत नव्हतं असं नाही. पण दर साली ती कौल लावायची, कधी माहेरी जाऊ का म्हणून, कधी कोर्टात जाऊ का म्हणून, आणि दर साली देव थांब म्हणायचा. देव उगाच कशाला म्हणेल? लोक टोचून बोलले की ती इथं येऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकून बसायची. माणसं उलटली तरी हा आपल्या बाजूचा आहे, असं वाटायचं आणि उठताना जीव हलका झालेला असायचा.

आजही तिनं निमूट डोकं टेकलं. मान वर केली तेव्हा तिला मुंग्या दिसल्या. पायापासून निघून देवाच्या उजव्या खांद्यावर चालल्या होत्या, थेट पाकळीपर्यंत. डाव्या खांद्यावर एकही नव्हती.

क्रांती उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"ओ वैनी, बायकांनी आत यायचं न्हाय!" गुंडू ओरडला. तोवर तिचं बोट पाकळीवर पोचलं होतं. पाकळी निघेना. नखानं सोलून काढली तशी बोटाला चिकट लागलं. तिनं बोट जिभेला लावलं.

काकवी. तीही सुंठ घातलेली. साऱ्या बावड्यात काकवीत सुंठ एकच बाई घालायची, आणि ती आत्ता तिच्या पाठीमागं उभी होती.

"मला काय इचारू नगा. मी आपला सांगितल्यालं करतो," असं म्हणत गुंडूनं घंटा पुसायला घेतली. घंटा आधीच लखलखत होती.

क्रांती वळली. "दर बारीला?"

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. "लेक गेला. तू बी गेल्यावर मी कुणाकडं बघू गं?"

"मला म्हणायचं हुतं की, आत्याबाई. क्रांते, जाऊ नगंस, येवढंच. मी ऱ्हायलो असतो. तुमच्यापायी ऱ्हायलो असतो मी. ह्याला कशाला मधी घातलंसा?"

नवरा गेला तेव्हा क्रांतीला एवढं लागलं नव्हतं. तो परक्यासारखा वागला आणि परका झाला. पण ही बाई तिच्याबरोबर एका ताटात जेवली होती, टायफॉइडमध्ये हिनं तिला आपल्या हातानं पेज भरवली होती. केसानं गळा कापतात तो असा.

तिनं देवाकडं बघितलं. चार वर्षांत हा एक शब्दसुद्धा बोलला नव्हता. मग तिला धीर दिला तो कुणी, काकवीनं? तिला देवाचा संताप आला. पण तो बिचारा नुसता उभा होता. अंगावर मुंग्या चढत होत्या, त्याही त्याला झटकता येत नव्हत्या.

क्रांतीनं तांब्या उचलला. खांद्यावर पाणी ओतलं, पदरानं चोळून चोळून चिकटा काढला. "तुला बी फसिवलं रं ह्यांनी," ती म्हणाली आणि त्या ओल्या खांद्यावर कपाळ टेकून मोठ्यानं रडली. चार वर्षांत ती कुणासमोर अशी रडली नव्हती. दगड गार होता. थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. रडून झालं तेव्हा तिला हलकं वाटलं, उंबऱ्यापाशी बसून उठताना वाटायचं अगदी तसंच. म्हणजे तो धीर काकवीचा नव्हता.

"वैनी," गुंडू चाचरत म्हणाला, "आता खरा कौल लावू का? नुसत्या पाण्यानं?"

"नगं."

तिनं तिथंच, देवाला टेकून, होस्टेलच्या बाईंना फोन लावला. "बाई, क्रांती बोलतोय. व्हय, मुरगूडच्या कामाचंच. उद्या सकाळच्या यष्टीनं येतो."

धोंडुबाई मटकन खाली बसल्या. "आनि मी? मी कुणाकडं बघू, सांग की."

क्रांतीनं बाहेर येऊन चपला पायात घातल्या.

"चार वर्सं मी ज्याच्याकडं बघितलं, त्याच्याकडं."