पायतणांचा जोड

“पंखा ठेकेदारानं देल्ला, म्हून काय हवाबी त्याच्याच बाकाले लागते?” चर्चमध्ये शेजारीण सगुणाबाईच्या कानाशी कुरकुरली. सगुणाबाई हसली नाही. हा ठेकेदार भिलाईच्या पोलाद कारखान्यात सेफ्टी बुटांचा एक जोड दोघा मजुरांत चालवायचा. सुटणाऱ्यानं गेटवर काढायचा, येणाऱ्यानं घालायचा. एकदा आधीची पाळी लांबली, तेव्हा तिच्या नवऱ्याला त्यानं चपलांवरच आत धाडलं. भट्टीपाशी पाय जळाले. मोहल्ला त्याला नशीब म्हणाला, तीही म्हणाली. लेकाचा गेटपास त्याच ठेकेदाराच्या हातात होता. पाळकसाहेब बायबलातल्या मेंढपाळ संदेष्ट्याचं वचन वाचू लागले: गरिबाला त्यांनी पायतणांच्या एका जोडासाठी विकलं. सगुणाबाईनं मान वर केली. हजारो वर्षांमागच्या त्या मेंढपाळाला भिलाईचं गेट कोणी दाखवलं? ती उभी राहिली. लेकानं पदर ओढला. “ठेकेदार भाऊ, एका जोडासाठी माह्या माणसाचे पाय तुमी जाळले.”