मूळ अरबी मजकूर

“संशोधक बघतो आणि लिहून ठेवतो. तो मध्ये पडत नाही,” वीरेंद्र सर म्हणाले.

रविता बिसेन त्यांच्या टेबलासमोर उभीच होती. गोंदियातल्या त्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन पद्धतीचा पेपर सरच शिकवत; रविताचे मार्गदर्शकही तेच होते. त्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क रवितालाच पडले होते. पोवार समाजातली पोरगी अरबीत एम.ए. झाली तेव्हा नातेवाईक हसले होते, हे शिकून करशील काय? पीएच.डी.चा विषय तिने त्यांच्या नाकावर टिच्चून निवडला. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांचे करारनामे. वर मूळ अरबी मजकूर, खाली हिंदी अनुवाद, दोन्हींची तुलना. सडक अर्जुनीच्या आसपासची गावं पालथी घालून तिने एकोणीस करार जमवले होते.

विसावा करार आता तिच्या हातात होता.

“सर, हिंदीत लिहिलंय ट्रक ड्रायव्हर. अरबीत लिहिलंय राई ग़नम. म्हणजे मेंढ्या राखणारा. वाळवंटात, तीन वर्षं. मालकाच्या परवानगीशिवाय परत यायचं नाही. ओमेश्वर शुक्रवारी विमानात बसतोय.”

“म्हणूनच सांगतो, थांब. एकाला सांगितलंस की गावभर होईल. एजंट सावध होईल. उद्यापासून तुला कोणी कागद दाखवणार नाही. तीन वर्षांचं काम पाण्यात. प्रबंध पुरा होऊ दे, छापून येऊ दे. मग सरकारला दखल घ्यावी लागेल. हजारोंचं भलं होईल.”

“आणि ओमेश्वरचं?”

“त्याचा करार तुझ्या प्रबंधातला सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल.”

सर शांतपणे बोलत होते. त्यांना हे मनापासून वाटत होतं, आणि त्यामुळेच रविताची कानशिलं तापली.

“आजवर तुला हे पटत होतं,” सर म्हणाले. “आजच काय झालं?”

तिने फाईल टेबलावर आपटली.

“आज नाही पटत!” ती एवढ्या जोरात बोलली की व्हरांड्यातल्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मध्ये पडलीस तर प्रबंधावर माझी सही विसर.”

“विसरले,” ती म्हणाली आणि फाईल उचलून बाहेर पडली.

ओमेश्वर फोन उचलत नव्हता. मिळाली ती एसटी तिने पकडली. वाटभर तिने एजंटाला शिव्या दिल्या, खोटा अनुवाद करणाऱ्याला दिल्या, सरांना दिल्या. तरी छाती मोकळी होईना.

ओमेश्वरच्या अंगणात निरोप द्यायला आलेली माणसं बसली होती. त्याची बायको चमेली बॅगेत लोणच्याची बरणी बसवत होती. रविताने पाणीसुद्धा घेतलं नाही. तिने करार उघडला, हिंदी ओळ वाचली, मग अरबी ओळीखाली बोट फिरवत तिचा अर्थ साध्या शब्दांत सांगितला. दोनदा सांगितला.

“एजंटनं तं मले ट्रकचा फोटो दाखवला,” ओमेश्वर म्हणाला.

“सही फोटोखाली नाही केली दादा तुम्ही. इथं केली.”

ओमेश्वरने बॅगेला लाथ मारली. बरणी फुटली. तेल मातीत पसरलं, पण तिकडे कोणी पाहिलं नाही.

“ड्रायव्हर म्हणून नेऊन राहिला अन् मेंढ्या चारवते? चला त्याच्या ऑफिसात!”

“आजच धरू हरामखोराले!”

अंगण पेटलं. दोघं-तिघं घरी पळाले आणि आपापले करार घेऊन आले. मॅडम, माहा वाचा. माहा पाहा. चमेलीने रविताचे दोन्ही हात धरले.

“तू आली नसती तं काय झालं असतं वो, बाई!”

आता कुठे रविताचा श्वास सुटला. प्रबंध गेला तर गेला.

एवढ्यात गर्दीतून वच्छला पुढे आली. ती दोन घरं सोडून राहायची. तिचा नवरा मनिराम दिवाळीनंतर सौदीला गेला होता, आणि महिनाभर झाला, त्याचा फोन बंद लागत होता. तिला पाहून माणसं बाजूला सरली. तिच्या हातात कागद नव्हता.

“बाई, आमच्या घरच्यायच्या कागदाचा तूनं मोबाइलवर फोटो काढला होता ना?”

“हो, वहिनी.”

“वाचला होता काय तो?”

आधी नुसते फोटो काढते, वाचते नंतर, असं सांगता आलं असतं. त्या अंगणात अरबी येणारं दुसरं कोणी नव्हतं. कोणी विचारलंही नसतं.

“वाचला होता,” रविता म्हणाली. “त्याच दिवशी.”

“त्यातबी मेंढ्याच होत्या?”

“हो.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

मध्ये पडायचं नसतं, असं मला शिकवलं होतं, हे वाक्य रविताच्या तोंडापर्यंत आलं, पण तिने ते परत गिळलं. मघापासून ओरडणारी माणसं आता तिच्याकडे पाहत होती. ओमेश्वर खाली पाहत होता.

वच्छलाचा आवाज चढला नाही. ती फक्त एक पाऊल आणखी जवळ आली.

“ते तं तवा ओसरीवरच बसून होते, बाई. तुह्या समोर.”